टोमॅटोला फुलं भरपूर, फळ एकही नाही. काय करावं?

ओसरी | १६ एप्रिल

नमस्कार मंडळी. बागकामाचे जुने धागे चाळले, पण नेमकं उत्तर मिळालं नाही, म्हणून हा नवा.

पुण्यात राहते, इमारतीची वरची मोकळी गच्ची आमच्याकडे आहे. फेब्रुवारीच्या शेवटी रोपवाटिकेतून टोमॅटोची सहा रोपं आणली आणि रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून त्यांत लावली. लाल माती, शेणखत, कोकोपीट सारख्या भागात, वर मूठभर निंबोळी पेंड. दर आठवड्याला जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पाणी. झाडं खांद्याला लागलीत, पानं काळसर हिरवी, तजेलदार. फुलांचे घोसच्या घोस येतात. आणि दोन-तीन दिवसांत प्रत्येक फूल देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. सकाळी केर काढताना गच्चीभर फुलंच फुलं.

पाणी दोन वेळा. ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कीड दिसत नाही. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, नवरा म्हणतो मंडईत वीस रुपये किलो आहेत. दोघांनाही उत्तर द्यायचंय.

मिरचीकोथिंबीर | १६ एप्रिल

फूलगळ म्हणजे पालाश (पोटॅश) कमी. केळ्याच्या साली तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी घाला. माझ्याकडे हमखास लागू पडतं.

बंड्या बोरिवलीकर | १६ एप्रिल

सासूबाईंचं निदान इतक्या सहज खोडू नका. प्रत्येक बादलीला एक लिंबू आणि सात मिरच्या. टोमॅटो नाही आले तर निदान लोणचं तरी होईल.

चौदावा मजला | १६ एप्रिल

ठाण्यात बंद बाल्कनीत मी हेच भोगलंय. एवढ्या उंचीवर भुंगे येत नाहीत आणि काचा लावल्यामुळे वाराही नाही. बॅटरीवर चालणारा जुना टूथब्रश घ्या, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फुलांच्या घोसामागे देठाला क्षणभर टेकवा. खाली काळा कागद धरलात तर पिवळी पूड पडताना दिसेल. घरचे हसतात, हसू द्या.

बंड्या बोरिवलीकर | १६ एप्रिल

घरात नेमका कुठला ब्रश कुणाचा, हे आधी ठरवून घ्या म्हणजे झालं.

पाटीखडू | १७ एप्रिल

चौदावा मजला यांचा उपाय त्यांच्या बाल्कनीसाठी बरोबर आहे, ओसरी यांच्या गच्चीसाठी नाही. आधी ब्रशमागचं कारण सांगतो. टोमॅटोच्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून नळी तयार होते आणि पराग त्या नळीच्या आत असतो. तो बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही. भुंगा फुलाला लटकतो, उडण्याचे स्नायू जोरात थरथरवतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. जवळ उभं राहिलात तर त्या वेळी त्याच्या गुणगुणण्याचा सूर बदललेला ऐकू येतो. नेदरलँडच्या काचघरांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बम्बलबी पाळायला लागले, त्याआधी माणसं कंप देणारं यंत्र घेऊन ओळी-ओळीने फिरत.

पण मोकळ्या गच्चीवर वारा असतोच, आणि टोमॅटोला तेवढा पुरतो. फूल द्विलिंगी आहे, दुसऱ्या झाडाची गरज नाही. प्रश्न पराग पडण्याचा नसून पराग जिवंत असण्याचा आहे. दिवसा पारा ३५ च्या पुढे आणि रात्री २४ च्या खाली उतरत नसेल तर पराग तयार होतानाच निकामी होतो. फलन होत नाही, आणि झाड त्या गाठीपाशी फूल तोडून टाकतं. हे नुकसान फूल उमलायच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळी बारीक असतानाच झालेलं असतं. त्यामुळे आज सावली केली म्हणून उद्या फळ धरणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात एप्रिलच्या रात्री बऱ्या असतात. वेधशाळेच्या असतात, गच्चीच्या नसतात. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तुमच्या बादल्या त्याच स्लॅबवर आहेत. झाडांच्या मधोमध थर्मामीटर टांगा, रात्री दहाला आणि पहाटे बघा.

दुसरं, पानं काळसर हिरवी म्हणजे नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय. एक तृतीयांश शेणखत, वर पेंड, वर दर आठवड्याला जीवामृत. झाडाला पाला वाढवण्यातच गोडी वाटतेय.

मिरचीकोथिंबीर | १७ एप्रिल

जीवामृत जास्त होत नाही हो सर, ते नैसर्गिक आहे. रासायनिक खताचं प्रमाण चुकतं, शेणाचं नाही.

पाटीखडू | १७ एप्रिल

मुळाला नत्र कुठून आलं ते कळत नाही. त्याला नायट्रेट तेवढं कळतं.

नारायणगावकर | १७ एप्रिल

राम राम मंडळी. आमचं गावच टोमॅटोचं, म्हणून बोलतो. सर उन्हाचं बरोबर सांगतात. पण जीवामृताला उगाच धरलंय. त्यात शेण-गोमूत्र असतं तरी दोनशे लिटर पाण्यात ते किती उतरणार? त्याचं काम जिवाणू वाढवायचं. ताई, शेणखत कुठून आणलं ते सांगा. मुठीत घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, पाऊस पडलेल्या मातीसारखा आला तर मुरलेलं. शहरात पोत्यातनं मिळतं ते बरेचदा नुसतं वाळवलेलं असतं.

आणि दोन वेळा पाणी कशाला? बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर पाणी नको. वाफसा पाहिजे, चिखल नको.

ओसरी | १९ एप्रिल

सर्वांचे आभार. थर्मामीटर टांगला. रात्री दहाला ३१, पहाटे साडेपाचला २६! मोबाइलवर त्याच वेळी २१ दाखवत होता. दादा, शेणखताला वास येतोय. चांगलाच येतोय.

एडिसनची काकू | १९ एप्रिल

इकडे न्यू जर्सीत नेमकं उलटं. मदर्स डेपर्यंत, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, रोप बाहेर काढायची हिंमत नाही, कारण दवगोठण. मार्चमध्ये तळघरात दिव्याखाली बी रुजवायचं, मग आठवडाभर रोपांना रोज थोडा वेळ अंगणात फिरवून आणायचं, मग लावायचं. जुलैत फळ लागलं की हरणं. हरणांसाठी जाळी लावली की ग्राउंडहॉग जमीन उकरून खालून. आणि खारी एक घास खाऊन उरलेला टोमॅटो कठड्यावर ठेवून जातात, बिल ठेवल्यागत.

तरीही सांगते, ऑगस्टमधला जर्सीचा टोमॅटो कापून वर नुसतं मीठ-मिरपूड. त्यासाठी एवढं सगळं सोसायला मी तयार आहे. दुकानातला टोमॅटो हिरवा तोडून इथिलीन वायू देऊन पिकवलेला असतो, तो लाल होतो पण त्याला चव येत नाही.

लाल माती | २० एप्रिल

तुम्हाला निदान खारी. आमच्याकडे वानरं. ती एक घास खात नाहीत, झाडच उपटून नेतात आणि कौलांवर बसून निवांत खातात.

कोकणात टोमॅटोचा खरा शत्रू मात्र वेगळा. सकाळी झाड टवटवीत, दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं, आणि चार दिवसांत हिरवंच्या हिरवं मरतं. पान पिवळंही पडत नाही. लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. खोड बुडाशी कापून तो तुकडा काचेच्या पेल्यात पाण्यात टांगा. थोड्या वेळात कापल्या जागेतून दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर ती जिवाणूजन्य मर. त्यावर औषध नाही. झाड मातीसकट उचलायचं आणि त्या जागी टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा यांतलं काही लावायचं नाही, सगळी एकाच कुळातली. मी आता रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं आणतो. मुळं वांग्याची, वर टोमॅटो.

चौदावा मजला | २० एप्रिल

मग त्याला खाली वांगी वर टोमॅटो असं दोन्ही लागतं का? खरंच विचारतोय.

लाल माती | २० एप्रिल

खुंटाला फूट राहू दिली तर वांग्याचीच फांदी येते, पण ती काढून टाकायची, नाहीतर सगळा जोर तीच घेते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाणही मर, लवकर येणारा करपा आणि पानं आकसणारा विषाणू या तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देतो. मिळाला तर तो घ्या.

वऱ्हाडी ठेचा | २१ एप्रिल

अकोल्यात आता घराबाहेर माणूस टिकत नाही, भेदरं (टोमॅटो) काय टिकंल! आमच्या इकडं उन्हाळ्यात कोणी नवीन झाड लावतच नाही. आई म्हणते, ज्या महिन्यात आपल्याला रात्री झोप लागत नाही त्या महिन्यात झाडालेबी लागत नाही. सरांनी तेच थर्मामीटर लावून सांगितलं.

काटकसर | २१ एप्रिल

एक अडाणी प्रश्न. बादल्या फुकट धरल्या तरी माती, कोकोपीट, खत, रोपं, आता थर्मामीटर आणि जाळी. टोमॅटो किलोमागे कितीला पडतो? नवऱ्याचं म्हणणं एकदा गांभीर्याने घ्यावं असं वाटतं.

नारायणगावकर | २१ एप्रिल

हिशोबाचं मला विचारा. आमच्याकडे विक्री वीस किलोच्या क्रेटवर. २०२३ च्या मेमध्ये क्रेटला भाव इतका पडला की तोडणीची मजुरी सुटेना, लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. त्याच साली जुलैत तोच क्रेट दोन हजारांच्या वर गेला. टीव्हीवाले आमच्या बाजारात आले, टोमॅटोने शेतकरी करोडपती झाला म्हणून. ज्यांनी मेमध्ये बाग मोडली त्यांना कुणी विचारलं नाही. आणि २०२० च्या मेमध्ये याच वाहिन्यांनी फळावर डाग पाडणाऱ्या विषाणूला 'तिरंगा व्हायरस' नाव देऊन असं घाबरवलं, की गिऱ्हाईक टोमॅटोला हात लावीना. तो रोग झाडाचा. माणसाला त्याचं काही होत नाही.

तेव्हा काटकसर साहेब, हिशोब बघून टोमॅटो लावायचा झाला तर आम्हीपण लावणार नाही.

मिरचीकोथिंबीर | २१ एप्रिल

दादा, राग मानू नका, पण घरी लावण्याचं कारण फवारणी आहे. बाजारातल्या टोमॅटोवर किती औषधं मारलेली असतात कोण जाणे.

नारायणगावकर | २२ एप्रिल

राग कशाला. मारतो आम्ही. पांढरी माशी आली की पानं आकसतात, नागअळी आली की पान आतून पोखरून कागदासारखं होतं, करपा आला की दोन रात्रीत प्लॉट भाजल्यासारखा दिसतो. दीड एकरावर कडुलिंबाचा पाला उकळून भागत नाही. औषध मारल्यावर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. पाळणारे पाळतात, भाव चढला की न पाळणारेपण असतात. खोटं कशाला बोलू.

घरी मात्र मोरीच्या पाण्यावर तीन-चार गावठी झाडं आहेत. कुणी लावली नाहीत, आपोआप उगवलेली. बोरापेक्षा थोडी मोठी फळं, आंबटढाण. त्यांना औषध नाही, खत नाही, आधार नाही, आणि आत्ता एप्रिलमध्येही फळ आहे. आमटीत आई तीच घालते. विकायचं म्हटलं तर साल पातळ, पाटीतच फुटतात.

पाटीखडू | २२ एप्रिल

हे महत्त्वाचं आहे. बारक्या फळांचे वाण उष्णतेत मोठ्या फळांपेक्षा बरे टिकतात. ओसरी, उन्हाळ्यात लावायचंच असेल तर तसलं लावा. आणि एप्रिल-मेमध्ये मोठं फळ धरलंच तर ते लालऐवजी पिवळट-नारिंगी राहतं, कारण तिशीच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. फळ अर्धवट रंगलं की तोडून घरात सावलीत ठेवायचं. फ्रिजमध्ये नको, चव मरते.

खिडकीतली तुळस | २३ एप्रिल

गच्चीवर बादल्या ठेवता, तुमच्या सोसायटीच्या कमिटीने हरकत नाही घेतली? आमच्याकडे खालच्या मजल्यावर ओल आली ती थेट माझ्या कुंड्यांच्या नावावर. प्लंबरने पाइप फुटल्याचं दाखवलं तरी सभेत विषय कुंड्यांचाच.

बंड्या बोरिवलीकर | २३ एप्रिल

सोसायटीचा विषय निघाला. आता धाग्याचं काश्मीर होणार. मी खुर्ची घेऊन बसतो.

ओसरी | २३ एप्रिल

नाही नाही, तो दुसरा धागा काढा, मी तिथे येते. :-) बादल्या विटांवर चढवल्यात, खालून हवा खेळते आणि स्लॅबही कोरडा राहतो. दुपारपुरती हिरवी जाळी बांधली. पाणी आता फक्त सकाळी. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणून आच्छादन केलंय, तीन दिवस मुंग्याच मुंग्या, मग गेल्या.

मिरचीकोथिंबीर | २३ एप्रिल

आणि केळ्याच्या साली?

ओसरी | २३ एप्रिल

त्याही घातल्या, ताई. कुणाचं मन मोडायचं नाही असं ठरवलंय.

ओसरी | ३० जुलै

धागा वर काढतेय. मेअखेरीस वळवाचे दोन पाऊस झाले आणि त्यानंतरच्या फुलांना जूनमध्ये फळं धरली. थोडीच, पण धरली. आता पावसाने खालच्या पानांवर तपकिरी डाग आलेत, डागात एकात एक वर्तुळं.

एडिसनची काकू | ३० जुलै

वर्तुळं असली तर लवकर येणारा करपा. खालची डागाळलेली पानं काढा, कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको. जमिनीपासून वीतभर खोड मोकळं ठेवा म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. दुसरा, उशिरा येणारा करपा भयंकर. त्यानेच १८४५ ला आयर्लंडमध्ये बटाटा संपवला. इकडे २००९ च्या उन्हाळ्यात विकतच्या रोपांतून तो अख्ख्या ईशान्य अमेरिकेत पसरला होता, आमच्या गल्लीत कुणाकडे एक झाड उरलं नाही.

नारायणगावकर | ३१ जुलै

ताई, ती झाडं आता काढा. त्यांचं आयुष्य झालं. गणपतीच्या आसपास बी टाका, महिन्याभराने रोप लावा. लावताना खालची पानं खुडून खोड निम्मं मातीत गाडा, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. पहिल्या दिवसापासून सुतळीने बांधा, आणि पान-खोडाच्या बेचक्यातली बगलफूट बोटभर असतानाच मोडा. झुडपी जात असेल तर मोडू नका, नाहीतर फळ कमी येईल. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्रींत फूल गळायचं नाही.

ओसरी | २२ डिसेंबर

लागले! घोसाला चार-पाच फळं, अर्का रक्षकच मिळालं होतं. फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये. पण आता नवं दुखणं. काही फळांचं बूड काळं पडतंय, चामड्यासारखं सपाट. आतून बाकी फळ चांगलं. सासूबाईंनी अंड्याची टरफलं घाला असं सुचवलंय, आणि आमच्या घरी अंडं शिजत नाही, तेव्हा ती शेजारून मागून आणायची म्हणतायत!

पाटीखडू | २२ डिसेंबर

रोग नाही, कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाहीये. बहुतेक वेळा मातीत ते असतं. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी एक दिवस खूप, एक दिवस नाही असं झालं की टोकाचा वाटा बुडतो. थंडी पडल्यावर पाणी घालायला विसरलात का? तुमच्या मिश्रणात कोकोपीट बरंच आहे, ते स्वतःही कॅल्शियम धरून ठेवतं. टरफलं विरघळायला वर्ष-दोन वर्षं जातील, शेजाऱ्यांना त्रास देऊ नका. काळी फळं तोडा, पाणी एकसारखं ठेवा, पुढचे घोस चांगले येतील.

वऱ्हाडी ठेचा | २२ डिसेंबर

तोडलेली टाकू नका. काळा भाग कापून बाकीचं हिरवं भेदरं तव्यावर लसूण-हिरवी मिरचीसंगं भाजा, मीठ घालून बत्त्याने ठेचा, वरून तेल कच्चंच. ज्वारीची भाकर.

एडिसनची काकू | २३ डिसेंबर

आमच्याकडे ऑक्टोबरात पहिल्या दवगोठणाआधी सगळे हिरवेच तोडावे लागतात. मी त्यांची दाण्याचं कूट आणि गूळ घालून भाजी करते. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळून थोडे ठेवते, थँक्सगिव्हिंगपर्यंत पिकतात.

काटकसर | ९ जानेवारी

धागा वाचून मीही लावायचं म्हणतोय. ओसरी ताई, तुमच्या झाडाचं बी धराल का? फुकट मिळालं तर हिशोब बसतोय.

लाल माती | ९ जानेवारी

अर्का रक्षकाचं बी धरू नका, संकरित आहे, पुढच्या पिढीत कशाला काय येईल नेम नाही. धरायचं तर नारायणगावकरांच्या मोरीवरच्या गावठीचं धरा.

पाटीखडू | १० जानेवारी

पूर्ण पिकलेलं फळ घ्या. बी गरासकट वाटीत काढून दोन-तीन दिवस झाकून आंबू द्या, वर पांढरट साय येते आणि वास सुटतो. मग चाळणीत धुवा आणि बशीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं.

काटकसर | १० जानेवारी

नारायणगावकर, पाठवाल का? टपालखर्च मी देतो. (हे मी लिहिलं यावर माझाच विश्वास बसत नाहीये.)

नारायणगावकर | ११ जानेवारी

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खर्चाचं राहू द्या. बी कापसात गुंडाळून पाठवतो, नाहीतर टपालाचा शिक्का बसला की चेचतं. आणि कुणाला पाहिजे असेल तर आत्ताच सांगा, आईने संक्रांतीला येणाऱ्या बायकांना द्यायला रोपं करून ठेवलीत, उरलेलं बी एकदमच काढतो.